स्वतःच स्वतःला मुकुट घालणारा मुलगा – गुस्ताव मोरोचं 'तरुण आणि मृत्यू'

चार्ल्सकाठचा (धागाकर्ता)

चित्रांवरचे धागे इथे दोन प्रतिसादांत आचके देतात हे ठाऊक आहे, तरी लिहितोय.

गेल्या शनिवारी लेकीला क्लासला सोडलं आणि दोन तास मोकळे मिळाले. बाहेर उणे आठ. केंब्रिजच्या क्विन्सी स्ट्रीटवर हार्वर्डची कलासंग्रहालयं आहेत आणि २०२३पासून तिथे सगळ्यांना प्रवेश फुकट आहे. फुकट आणि वर हीटर. गेलो.

मला चित्रांतलं फार कळत नाही. मंडईत काही घ्यायचं नसताना माणूस जसा फिरतो तसा मी दालनांतून फिरतो. पण एका चित्रापाशी पाय अडकले. उंची २१६ सेंटिमीटर, रुंदी १२३. म्हणजे साधारण आपल्या घराच्या दाराएवढं, थोडं रुंदच. आणि त्या दारातून एक पोरगा सरळ आपल्या अंगावर चालत येतोय.

अंगावर कपडा नावापुरता. एक हात वर उचललाय आणि त्या हाताने लॉरेलच्या पानांचा मुकुट स्वतःच स्वतःच्या डोक्यावर ठेवतोय. दुसऱ्या हातात फुलं. चेहऱ्यावर गर्व वगैरे नाही, दहावीचा निकाल घेऊन घरी येणाऱ्या मुलाचा असतो तसा चेहरा. त्याच्या मागे, जवळजवळ पाठीला लागून, एक बाई. ती उभी नाही, तरंगतेय. तिच्यापाशी तलवार आहे, वाळूचं घड्याळ आहे. डोळे मिटलेले. खाली कोपऱ्यात पंख असलेलं एक बाळ, त्याच्याजवळची मशाल विझत चाललेली.

शेजारची पाटी वाचली. गुस्ताव मोरो, 'तरुण आणि मृत्यू', १८५६ ते १८६५. एका चित्राला नऊ वर्षं! मग घरी येऊन वाचत बसलो. मोरोचा एक मित्र होता, थिओदोर शासेरिओ. तोही चित्रकार. १८५६मध्ये वयाच्या ३७व्या वर्षी तो पॅरिसमध्ये गेला. मोरोने त्याच साली हे चित्र मनात घेतलं आणि १८६५च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या त्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, लोकांपुढे ठेवलं. चित्रातच 'थिओदोर शासेरिओच्या स्मृतीस' असं लिहिलेलं आहे.

मला लिहायचंय ते एवढंच. मृत्यूची चित्रं आपण पाहिलेली असतात. सांगाडा, कोयता, रेड्यावरचा यम, हातात पाश. इथे ती बाई काहीच करत नाही. तलवार उगारलेली नाही. ती चक्क झोपलीय. आणि तरीसुद्धा मी वीस मिनिटं तिथे उभा होतो. शेवटी पहारेकरी काका माझ्याकडे बघायला लागले म्हणून निघालो. कुणाला या चित्राबद्दल जास्त माहीत असेल तर लिहा.


पोटोबा

शीर्षक वाचून वाटलं राजकारणाचा धागा आहे. स्वतःच स्वतःला मुकुट!


गवती_चहा

वाखुसा (वाचनखूण साठवली). बाहेर उणे आठ वाचूनच चहा टाकला.

बाकी मोरो हे नाव वाचलं की डोळ्यांसमोर मोरोपंत येतात, पगडीसकट. गुस्तावपंत म्हणूया का?


शंकासुर

चांगलं लिहिलंय, पण मला दोन गोष्टी खटकल्या.

एक, मृत्यू म्हणजे बाईच का? सुंदर बाई मागे उभी आणि भोळा पुरुष पुढे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांना बाई म्हणजे एक तर देवी नाही तर घात, याखेरीज तिसरं सुचतच नव्हतं. हाच मोरो पुढे बायबलमधल्या सालोमेची चित्रं काढत बसला, तीच ती मुंडकं मागणारी.

दोन, मित्र मेल्यावर त्याचं चित्र काढा ना. हे रूपकाचं सोंग कशाला? शासेरिओचं तोंड कसं होतं ते मला या चित्रावरून कळत नाही. श्रद्धांजलीसभेत मृत माणसाचं नाव एकदा घेऊन पुढे अर्धा तास स्वतःचं तत्त्वज्ञान ऐकवतात, त्यातला प्रकार वाटतो.


अनुस्वार

शंकासुर, पहिल्या मुद्द्याचं उत्तर बरंचसं व्याकरणात आहे. फ्रेंचमध्ये मृत्यू हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, 'ला मॉर'. जर्मनमध्ये तो पुल्लिंगी, म्हणून जर्मन चित्रांत मृत्यू पुरुष असतो, सारंगी वाजवतो, पोरींना नाचायला नेतो. आपल्याकडे 'तो मृत्यू', 'ते मरण' आणि गावाकडच्या शिवीत 'ती मरी'. तीनही लिंगं वापरून झालेली आहेत.

आता झोपेचं. हे मोरोच्या डोक्यातून निघालेलं नाही. ग्रीकांकडे निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ, रात्रीची मुलं. लेसिंग नावाच्या जर्मन लेखकाने १७६९मध्ये एक निबंधच लिहिला की प्राचीन लोक मृत्यूला सांगाडा म्हणून दाखवत नव्हते, उलटी मशाल धरलेला, निद्रेसारखा दिसणारा तरुण म्हणून दाखवत. सांगाडा नंतरचा. त्यामुळे धागाकर्त्याने पाहिलेली विझती मशाल आणि मिटलेले डोळे हे एकाच जुन्या घरातून आलेले आहेत. मोरोने फक्त त्या घरातल्या भावाची बहीण केली.

आणि मृत्यू बाई असणं आपल्याला तरी नवं वाटू नये. महाभारतात शांतिपर्वात कथा आहे. पृथ्वीवर माणसं फार झाली, मरेना कुणी. ब्रह्मदेवाच्या कोपातून एक स्त्री निघाली, तिचं नाव मृत्यू. तो म्हणाला, जा, प्राण्यांचा संहार कर. ती रडायला लागली. लहान मुलं, बाप, भाऊ, ज्यांच्यावर कुणाचा तरी जीव आहे त्यांना मी कशी मारू? तिने नकार दिला, तपाला बसली, एका पायावर उभी राहिली, जागा बदलून बदलून तप केलं. ब्रह्मदेव ऐकेना. तिचे अश्रू त्याने ओंजळीत धरले आणि म्हणाला, हे तुझे अश्रूच रोग होतील, तुला दोष लागणार नाही.

प्रचलित पोथ्यांमध्ये हीच कथा द्रोणपर्वातही येते आणि तिथे ती व्यास युधिष्ठिराला सांगतात. कधी? अभिमन्यू पडल्यावर.


गवती_चहा

अंगावर काटा. मोरोपंतांची चेष्टा केली ती मागे घेते. (मोरोपंतांनी महाभारतच केलं होतं, हे आत्ता लक्षात आलं.)


जुना_जेजे

थोडी विरुद्ध बाजू मांडतो, रागावू नका.

आम्ही मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकलो तेव्हा पहिल्या वर्षी 'अँटिक' काढायचो. म्हणजे ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे आणि कोळशाने छायाप्रकाश भरायचा. पांढऱ्या प्लास्टरवर सावली कुठे मऊ होते आणि कुठे कापल्यासारखी पडते हे बघण्यात दिवस जायचे. दोन महिन्यांनी ते पुतळे स्वप्नात यायचे, विशेषतः ज्यांना हात नाहीत ते. मोरोचा हा पोरगा मला त्या साच्यांच्या खोलीतून आल्यासारखा दिसतो. पाय टाकण्याची पद्धत, कंबरेची मुरड, सगळं शिकलेलं. १८५७ ते १८५९ मोरो इटलीत होता आणि तिथे त्याने जुन्या चित्रांच्या नकला करण्यात रक्त आटवलं. तिथेच त्याला तरुण देगा, तोही चित्रकार, भेटला. पुढे देगाने त्याची थट्टा केली की हा देवांनासुद्धा घड्याळाची साखळी घालतो. दागिने, कशिदा, नक्षी, मोरोला आवरत नसे. त्याच्या मानाने हे चित्र बरंच संयमी आहे हे कबूल.

पण एक बघा. १८६५चं सलों म्हणजे ज्यात माने या फ्रेंच चित्रकाराचं 'ऑलिंपिया' लागलं होतं आणि लोक त्या चित्रापुढे खिदळत होते, चिडत होते. एकाच प्रदर्शनात एका भिंतीवर माने पॅरिसमधली खरी उघडी बाई दाखवतोय, जी सरळ तुमच्या डोळ्यांत बघते, आणि दुसरीकडे मोरो लॉरेल, मशाल, वाळूचं घड्याळ मांडून बसलाय. पुढची शंभर वर्षं मानेच्या मागे गेली. मी विद्यार्थी असतो तर मीही मानेच्या मागे गेलो असतो.

तुलनाच करायची तर त्याच काळातल्या बुगरो या चित्रकाराचं 'मृत्यूपुढे सारे समान' बघा, १८४८चं. जमिनीवर तरुणाचं नग्न प्रेत, वर देवदूत आडवा तरंगतोय आणि पांढरं कफन त्याच्यावर ओढतोय. बस. बुगरो तेव्हा २३चा होता. त्यात फूल नाही, मुकुट नाही. मला ते जास्त लागतं.


शंकासुर

जेजेकाका, हेच म्हणायचं होतं मला.


भटकभवानी

जेजेकाका, माने जिंकला हे खरं, पण मोरोकडे शिकायला कोण होतं ते सांगायचं राहिलं. १८९२पासून मरेपर्यंत, म्हणजे १८९८पर्यंत, तो पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत शिकवत होता. त्याच्या वर्गात मातीस, रुओ, मार्के! सगळ्यात दागिनेवेड्या मास्तरच्या हाताखालून सगळ्यात धीट रंगवाले निघाले. पोरांनी आपल्यासारखं काढावं असा त्याचा हट्ट नव्हता.

मी त्याच्या घरी जाऊन आलेय. पॅरिसच्या नवव्या वॉर्डात, ला रोशफुको रस्त्यावर १४ नंबर. आईवडिलांनी १८५२मध्ये घेतलेलं घर, वडील वास्तुविशारद होते. मोरोने ते सगळ्या चित्रांसकट सरकारला दिलं आणि १९०३पासून ते संग्रहालय आहे. पहिला व्यवस्थापक कोण? तोच त्याचा विद्यार्थी रुओ. वरच्या दोन मजल्यांवर भिंती दिसत नाहीत इतकी चित्रं आणि मधोमध लोखंडी गोल जिना, शंखासारखा. भिंतीत लाकडी पाखं आहेत, कपाटाच्या दारासारखी, ती एकेक उलटत गेलं की आत रेखाटनं. हजारो. मी तासभर नुसती पाखं उलटत होते, आमचे हे खाली बाकावर झोपले होते. (मृत्यूसारखे नाही, घोरत.)

पण मला तिथे जास्त लक्षात राहिला तो खालचा मजला. लहान खोल्या, त्यात घरच्यांचे फोटो, तसबिरी, वस्तू अगदी दाटीवाटीने. स्वतःच्या हयातीतच त्याने त्या खोल्या आठवणींसाठी लावून ठेवल्या होत्या. धाकटी बहीण कामी १८४०मध्ये गेली, १३ वर्षांची असताना. तेव्हा तो १४चा. मग शासेरिओ. मग १८९०मध्ये त्याची आयुष्यभराची मैत्रीण अलेक्झांद्रीन द्युरो. तिच्यासाठीही त्याने तिचं चित्र काढलं नाही. काढला तो ग्रीक पुराणातला ऑर्फियस, बायको युरिडिसीच्या थडग्यापाशी कोसळलेला.

म्हणजे शंकासुर म्हणतात ते 'सोंग' एकदाचं नव्हतं. दर वेळी त्याला दुःख उघडं दाखवता आलं नाही, दर वेळी त्याने ते पुराणातल्या कुणाच्या तरी अंगावर घातलं. आपल्याकडच्या बायका जात्यावर सीतेचं गायच्या तसं. सीता सासरी रडते म्हणायचं, स्वतः रडते म्हणायचं नाही.


शंकासुर

जात्याची उपमा मान्य. तरी चेहऱ्याचा प्रश्न उरतोच.


चार्ल्सकाठचा

चेहऱ्याचं थोडं शोधलं. शासेरिओने सोळाव्या वर्षी स्वतःचं चित्र काढलं होतं, १८३५चं, लूव्रमध्ये आहे. काळा कोट, लांबट सावळा चेहरा, डोळे मोठे. जन्म कॅरिबियनमधला, समाना नावाच्या भागातला, आज तो डोमिनिकन रिपब्लिकमध्ये येतो. अकराव्या वर्षी आंग्रच्या, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात मोठ्या मास्तरच्या स्टुडिओत दाखल. आत्मचित्रातला मुलगा आणि मोरोचा संगमरवरी पोरगा यांचा मेळ मला लागला नाही. तेव्हा शंकासुर, तुम्ही बरोबर. हा शासेरिओचा फोटो नाही.

दुसरी गोष्ट सापडली ती मात्र मला अजून सोडत नाही. शासेरिओचं सगळ्यात मोठं काम म्हणजे सेन नदीकाठच्या एका सरकारी इमारतीतल्या जिन्याची भित्तिचित्रं. तिथे सरकारी हिशेबतपासणीचं कार्यालय होतं. १८४४ ते १८४८, चार वर्षं त्याने त्या भिंती रंगवल्या. युद्ध, शांतता, असे विषय. १८७१मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडाच्या, शेवटच्या दिवसांत ती इमारत जाळली गेली. नुसत्या भिंती उभ्या राहिल्या आणि पुढची जवळपास तीस वर्षं त्या उघड्या भग्नावशेषांत झाडं वाढली, पावसात चित्रं विरघळत गेली. शेवटी उरलेले तुकडे काढून लूव्रला नेले आणि त्या जागी रेल्वे स्टेशन बांधलं, १९००मध्ये. ते स्टेशन म्हणजेच आजचं ओर्से संग्रहालय.

जेजेकाकांनी सांगितलेली माने आणि बुगरोची दोन्ही चित्रं आज तिथेच लागलीत. शासेरिओच्या राखेवर.


जुना_जेजे

बाप रे. ओर्सेला दोनदा गेलो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या प्रतिसादातली एक गोष्ट दुरुस्त करतो. शासेरिओ स्वतः आंग्रचा शिष्य, म्हणजे रेषेचा माणूस, आणि नंतर अल्जीरियाला जाऊन आला, दलाक्र्वा या चित्रकाराच्या रंगांकडे ओढला गेला. रेषा आणि रंग या दोन पार्ट्या होत्या तेव्हा, शिवसेनेच्या दोन गटांसारख्या, बोलणं बंद. दोन्हीकडे पाय ठेवणारा तो. मोरो त्याच्या स्टुडिओजवळ स्टुडिओ घेऊन राहिला होता. प्युवी द शावान हा चित्रकारही शासेरिओच्याच प्रभावातला. त्यामुळे 'तरुण आणि मृत्यू'मध्ये शासेरिओचा चेहरा नसेल, पण ती लांब वाहती रेषा आणि मागचा दमट उबदार रंग, हे त्याचंच आहे. तुम्ही मास्तरला वाकून नमस्कार करता तेव्हा त्याचा चेहरा काढायची गरज नसते. हात दिसतो.


खडूफळा

मी चित्रकलेतला नाही, गणिताचा निवृत्त शिक्षक. धाग्यात दिलेल्या तारखा बघून हात शिवशिवले म्हणून.

शासेरिओचा जन्म २० सप्टेंबर १८१९, मृत्यू ८ ऑक्टोबर १८५६. वय ३७ वर्षं १८ दिवस. मोरोचा जन्म ६ एप्रिल १८२६. म्हणजे शासेरिओ त्याच्यापेक्षा साडेसहा वर्षांनी मोठा.

चित्र मनात घेतलं तेव्हा मोरो ३०चा. मित्र त्याच्याहून मोठा, थोरल्या भावासारखा. आता मोरोने ३७ वर्षं १८ दिवस कधी पूर्ण केले? २४ एप्रिल १८६३. चित्र अजून स्टुडिओतच आहे. लोकांपुढे आलं तेव्हा मोरो ३९चा झालेला.

म्हणजे चित्र सुरू करताना मेलेला माणूस मोठा होता आणि संपवताना धाकटा. मधल्या काळात कधीतरी, बहुधा ब्रश हातात असताना, मोरोने त्याला ओलांडलं. वय सोडून बाकी काही मला ठाऊक नाही. उत्तर तपासून घ्यावे.


अनुस्वार

सर, दंडवत. हे कुठल्याही कलासमीक्षेच्या पुस्तकात सापडलं नसतं मला. ३७ वर्षांच्या माणसाला 'तरुण' का म्हटलं असेल हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यापासून होता. एकोणिसाव्या शतकात ३७ म्हणजे काही पोरवय नव्हे.


मोगरा_७४

नेहमी वाचनमात्र असते. खडूफळा सरांच्या प्रतिसादानंतर लिहिल्याशिवाय राहवेना.

माझा दादा १९९२ साली गेला. तो २३चा, मी १८ची. आईच्या घरी शोकेसच्या वर त्याचा फोटो आहे. नोकरीच्या अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो, तोच नंतर मोठा करून घेतला, त्यामुळे चेहरा जरा पसरट झालाय, कडा विरलेल्या. टाय त्याचा नव्हता, फोटो स्टुडिओवाल्याचा होता. तिथे खुंटीवर एकच टाय असायचा आणि गावातल्या सगळ्या पोरांच्या फोटोत तोच लाल टाय आहे. फोटोला चंदनाच्या चकत्यांचा हार. दसऱ्याला आई त्यावर झेंडूचा घालते आणि ओल्या फडक्याने काच पुसते. पुसताना हनुवटीपाशी थोडं जास्त पुसते, तिथे आतून बुरशीचा डाग पडलाय, तो निघत नाही हे तिला माहीत आहे.

लहानपणी मी त्याला घाबरायचे. सायकल त्याची, रेडिओ त्याचा, शेवटचा शब्द त्याचा. 'दादाला विचार' हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा व्हायचं.

या जूनमध्ये माझा मुलगा २४चा झाला. दिवाळीत आईकडे गेलो होतो. मुलगा फोटोखाली उभा राहून मोबाईल चार्ज करत होता, शोकेसमागे तिथे एकच प्लग आहे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. वरचा मुलगा आणि खालचा मुलगा. वरचा लहान दिसत होता. मिशी नीट फुटलेली नव्हती त्याला. हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं. मी त्या पोराला दादा म्हणत होते.

म्हणून विचारते. त्या चित्रकाराने आपल्याहून साडेसहा वर्षांनी मोठ्या माणसाचं पोर का केलं, याची तुम्ही सगळे चर्चा करताय. मला त्यात कोडं वाटलं नाही. आणि मुकुटाचं म्हणाल तर आपल्याकडे फोटोला हार घातला की सगळ्यांना कळतं काय झालंय. कुणी सांगावं लागत नाही.


गवती_चहा

मोगराताई, काय लिहू. नुसतं वाचलं एवढंच लिहिते.


भटकभवानी

ताई 🙏


शंकासुर

मोगराताई, चेहऱ्याचा मुद्दा मी मागे घेतो. बाईचा मुद्दा अजून हातात ठेवलाय, पण आज नाही काढत.


पोटोबा

मी पहिल्या प्रतिसादात पाचकळपणा केला त्याबद्दल सॉरी. पण खरंच विचारतोय, हे चित्र पॅरिसहून अमेरिकेत कसं गेलं?


चार्ल्सकाठचा

पोटोबा, सॉरी कशाला, धागा तुमच्यामुळेच वर राहिला.

ग्रेनव्हिल विन्थ्रप म्हणून न्यू यॉर्कचे एक वकील होते. हार्वर्डचेच माजी विद्यार्थी. वकिली फार केली नाही, घर भरेपर्यंत कला गोळा केली. चिनी जेड, कांस्याची भांडी, आंग्र, ब्लेक, मोरो. १९४३मध्ये ते गेले आणि चार हजारांच्या आसपास वस्तू हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाला दिल्या, विद्यार्थ्यांना शिकायला म्हणून. त्यात हे आलं. त्याच चित्राखाली आज अठरा-एकोणीस वर्षांची पोरं कानात इअरफोन घालून गृहपाठाची टिपणं काढत बसतात. शासेरिओला हे आवडलं असतं का माहीत नाही, मला आवडलं.

काल पुन्हा गेलो. या वेळी लेकीला क्लास बुडवून बरोबर नेलं. ती १४ची आहे, सगळ्याला कंटाळते. महाभारताची गोष्ट गाडीत सांगितली, तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. चित्रापुढे मात्र बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, ही वाईट नाहीये, दमलीय. मी विचारलं कशावरून. तर म्हणाली, आई नाईट शिफ्टवरून आली की बूट न काढता सोफ्यावर अशीच झोपते, पर्स हातात तशीच.

तिची आई इथल्या एका हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागात नर्स आहे. रात्री घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मला मृत्यू केलंत का दोघांनी मिळून. मग थोड्या वेळाने भांडी आवरताना म्हणाली, त्या बाईच्या हातातलं घड्याळ चालू होतं का बंद?

मी बघितलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी तिलाच घेऊन जाणार आहे, सुट्टी टाकलीय तिने.


अनुस्वार

वाळू वरच्या भांड्यात किती उरलीय तेही बघा. आणि खडूफळा सरांना कळवा.


खडूफळा

जरूर. भांड्याचा आकार कळला तर अंदाज काढता येईल.


पोटोबा

आम्ही जूनमध्ये बॉस्टनला येतोय, भाचीचं पदवीदान आहे. तिकडे पार्किंग मिळतं का?


चार्ल्सकाठचा

नाही मिळत. मेट्रोची रेड लाईन घ्या, हार्वर्डला उतरा, तिथून चालत पाच-सात मिनिटं. फुकट आहे, जेवून या.